किल्ला, रणगाडे आणि नातीचा अर्ज



या सदरातून मी आजवर ठेवींची वारसनोंद, मृत्युपत्र, भागीदारीचे करार अशा कोरड्या विषयांवर लिहीत आलो. वाचकांनी ते सोसले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. या वेळचा विषय निराळा आहे. दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन नगरला गेलो होतो. तेथील भुईकोट किल्ला आणि लष्कराचे रणगाडा संग्रहालय पाहून आलो. (शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. आमच्या पिढीच्या जिभेला ते वळण लागेपर्यंत क्षमस्व.) या सहलीचे मूळ मात्र घरातल्या एका वादात होते.

नात बारावीत आहे, विज्ञान शाखेत. भाऊबीजेच्या दिवशी सारे एकत्र बसलो असताना तिने शांतपणे सांगितले, की तिला सी.ए. व्हायचे नाही, फार्मसीलाही जायचे नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा द्यायची आहे. बोलणे थांबले. सूनबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मुलगा म्हणाला, "आपल्याकडे हे कोणी केलेलं नाही." सौभाग्यवतीने विचारले, "अगं, तिथं सूर्यास्ताआधी तुला जेवायला कोण वाढणार?" यावर सारे हसले, परंतु आमच्यासारख्या घरात हा हसण्यावारी नेण्याचा प्रश्न नाही, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होते.

नातीने उत्तरे तयार ठेवली होती. प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळू लागून काही वर्षे झाली, पहिल्या तुकडीतील १७ मुली ३० मे २०२५ रोजी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या, हे तिने तारखेसह सांगितले. मग हळूच म्हणाली, "श्रवणबेळगोळची मूर्ती ज्यांनी घडवून घेतली, ते चामुंडराय सेनापतीच होते ना?" मुलगा म्हणाला, "त्याला हजार वर्षं झाली." आणि सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

या घरात अशा बाबतीत माझ्या शब्दाला फारसे वजन असू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आमची बारामतीत धान्याची अडत. मी एम.कॉम. झालो आणि १९८२ साली बँकेत रुजू झालो, तेव्हा वडील दोन महिने माझ्याशी बोलले नव्हते. व्यापाऱ्याच्या मुलाने रोज सकाळी दुसऱ्याच्या दारात जाऊन हजेरी लावायची, हे त्यांना पटत नव्हते. गादी धाकट्या भावाने सांभाळली आणि आता माझा मुलगा सांभाळतो. घरची चाकोरी प्रथम ज्याने मोडली, त्याने चाकोरीचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगावे? म्हणून मी निर्णय पुढे ढकलला. (बँकेत याला 'प्रकरण वरिष्ठांकडे पाठविणे' म्हणतात, येथे वरिष्ठ कोणी उरले नव्हते.) म्हणालो, "आधी नगरला जाऊन येऊ. ती काय म्हणते आहे, ते डोळ्यांनी पाहू तरी."

निघताना सौभाग्यवतीने मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि गाळलेले पाणी बरोबर दिले. आणि एक शंकाही दिली. श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत शस्त्रे पुरविणे हे हिंसादान, आणि मन मलिन करणाऱ्या कथा ऐकणे ही दुःश्रुती. रणगाडे पाहायला जाणे यांपैकी कोणत्या खात्यात मांडायचे? मी म्हटले, आल्यावर सांगतो.

गाडी मुलगा चालवीत होता. दौंडपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही.

भीमेचा पूल ओलांडला, काष्टी मागे पडली, तेव्हा नातीला मी आपल्या भागाचे नगरशी असलेले जुने नाते सांगत होतो. इंदापूरला मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे हे आजोबा नगरच्या निजामशाहीचे सरदार. पुणे आणि आपल्या तालुक्यातील सुपे हे परगणे त्यांच्या जहागिरीत होते. सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापूरच्या लढाईतच ते पडले. नगरच्या शहा शरीफ या अवलियाच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली गेली, अशी परंपरा आहे. त्यांतले शरीफजी १६२४ मध्ये नगरजवळच भातवडीच्या लढाईत मारले गेले. म्हणजे बाप इंदापुरात आणि मुलगा नगरच्या वेशीवर. आमच्या लहानपणी इंदापूरच्या गढीवरून जाताना कोणी आम्हांला हे सांगितले नव्हते. आम्हांला इंदापूर म्हणजे आठवड्याचा बाजार आणि उधारीची वसुली.

नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र दाखवून आत जावे लागते. आपल्याला किल्ला म्हटला की डोंगर आठवतो. हा सपाटीवरचा, जवळजवळ वर्तुळाकार, भोवती रुंद खंदक असलेला. पुलावरून आत जाताना नात खंदकात वाकून पाहत होती, आणि मी सवयीने अंदाज बांधत होतो, की एवढी माती उपसायला त्या काळी किती मजूर, किती दिवस आणि किती धान्य लागले असेल.

हुसेन निजामशहाने हा किल्ला १५५९ पासून दगडी बांधून काढला. त्याची मुलगी चांदबिबी. विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली, पुढे वैधव्य येऊन माहेरी परतलेली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने नगरला वेढा दिला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. काही सापडले, ते निकामी केले गेले, पण एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. त्या वेळी चांदबिबी स्वतः शस्त्र घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतले. अखेर तह झाला; वऱ्हाड मोगलांना गेले, नगर राहिले. अशी आख्यायिका आहे, की दारूगोळा संपला तेव्हा तिने तोफांमध्ये आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरली. ही कथा खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला युद्धाचा ताळेबंद उत्तम कळत होता. पुढे १६०० च्या वेढ्यात मोगलांशी बोलणी करते, या संशयावरून तिच्याच माणसांनी तिला मारले, आणि किल्ला पडला.

(नगरच्या पूर्वेला डोंगरावर एक तीनमजली इमारत दुरून दिसते. तिला सारे चांदबिबीचा महाल म्हणतात; ती वास्तविक सलाबतखान या निजामशाही मंत्र्याची कबर आहे. ज्या बाईने गाव राखले, तिच्या नावाने लोकांना काहीतरी दाखवावेसे वाटले असेल, तर त्यात मला वावगे वाटत नाही.)

नात तटावरून खाली पाहत म्हणाली, "वडिलांनी बांधला आणि मुलीनं राखला." वाक्य माझ्याकडे पाहून म्हटले होते, पण ते कोणासाठी होते हे गाडीच्या किल्ल्या हातात फिरवीत उभ्या असलेल्या तिच्या वडिलांना कळले असावे. ते काही बोलले नाहीत.

या किल्ल्याच्या इतिहासात मला सर्वांत अधिक गुंतविणारा प्रसंग मात्र लढाईचा नाही. १७५९ मध्ये तो पेशव्यांकडे आला, तो तटाला खिंडार पाडून नव्हे. कविजंग नावाच्या किल्लेदाराला द्रव्य देऊन तो घेतला गेला. एक गोळीही न उडता एवढा किल्ला हाती येतो, तेव्हा इतिहासाची पुस्तके ते एका ओळीत उरकतात. परंतु ते द्रव्य कोठून आले? पेशव्यांचा खजिना तर सदैव कर्जाखाली. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याचे गाऱ्हाणे आहे. आणि त्या सावकारांतले एक मोठे नाव आमच्याच गावचे: बाबूजी नाईक जोशी बारामतीकर.

कऱ्हेच्या काठी त्यांचा वाडा अद्याप उभा आहे. मोरोपंतांना आश्रय देणारे म्हणून शाळेत त्यांचे नाव येते. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे पती. म्हणजे धनको आणि ऋणको एकमेकांचे सोयरे. बाजीराव १७४० च्या एप्रिलमध्ये वारले, तेव्हा बाबूजींनी पेशवेपद आपल्याला मिळावे म्हणून शाहू महाराजांना मोठा नजराणा देऊ केला. नागपूरकर रघूजी भोसले त्यांच्या पाठीशी होते. शाहूंनी वस्त्रे नानासाहेबांना दिली. मग बाबूजींनी नव्या पेशव्यामागे जुन्या कर्जाचा तगादा लावला. बँकेत सदतीस वर्षे काढल्यावर मला यात नवल वाटत नाही. मोठ्या कर्जदाराचा मृत्यू झाला, की धनको प्रथम वारसाचा पत्ता शोधतो.

किल्ल्याच्या आत जेथे ९ ऑगस्ट १९४२ नंतर काँग्रेस कार्यकारिणीचे नेते कैदेत होते, त्या खोल्याही पाहण्यासारख्या आहेत. नेहरूंनी १९४४ मध्ये 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथेच लिहिले, हे बहुतेकांना माहीत असते. मौलाना आझाद याच कैदेत असताना १९४३ मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली. अखेरची भेट झाली नाही. नात त्या खोलीच्या दारात जरा जास्त वेळ थांबली. मी घाई केली नाही.

दुपारी झाडाखाली ठेपले खाऊन आम्ही रणगाडा संग्रहालयात गेलो. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या संस्थेने ते १९९४ मध्ये उभारले. आवारात झाडे आहेत, हिरवळ आहे आणि तिच्यावर ओळीने रणगाडे उभे आहेत. मुलांच्या आरोळ्या, मागून कोणाची तरी आई "त्यावर चढू नको" म्हणून ओरडते आहे. बागेत आल्यासारखे वाटते. मग पाटी वाचली, की वाटेनासे होते.

सर्वांत जुनी रोल्स रॉइसची चिलखती गाडी. श्रीमंतांची मोटार म्हणून जे नाव आपण ऐकतो, त्याच मोटारीवर पोलादी पत्रे चढवून फिरती तोफ केलेली. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल. जपान्यांचा छोटा हा-गो, ज्याच्या आत माणसे कशी मावत असतील, हे कोडेच आहे. १९६५ च्या लढाईतला पाकिस्तानचा पॅटन. आणि आपला विजयंता: चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात बनलेला देशातला पहिला रणगाडा, वजन सुमारे ३९ टन, तोफ १०५ मिलिमीटरची. फ्रेंच बनावटीचा एएमएक्स-१३ दिसायला किरकोळ. पण १९६२ मध्ये असे सहा रणगाडे रशियन विमानांतून लडाखमध्ये चुशूलला उतरविले होते, हे नातीने सांगितले. तिचा अभ्यास माझ्या अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला होता.

प्रत्येक पाटीवर देश, वजन, इंजिन, तोफेचा व्यास, आत बसणारी माणसे. मी जी रक्कम शोधत होतो ती मला कोठे दिसली नाही. एकाची किंमत काय होती, ती कोणी भरली, त्यासाठी कोणाच्या शेतसाऱ्यात वा विक्रीकरात किती वाढ झाली? जोड्यातल्या माणसांचे पुढे काय झाले, हा रकाना तर नव्हताच. मी हे बोलून दाखविले, तेव्हा मुलगा त्या दिवसात प्रथमच हसला. म्हणाला, "अण्णा, इथंही ताळेबंद?"

तो एका रणगाड्यापाशी रेंगाळला, तो शेर्मन जातीचा होता. पुढे आडवा फिरता दांडा आणि त्याला लोंबणारे साखळदंड. दांडा फिरू लागला की साखळ्या जमिनीवर आपटत जातात आणि पेरलेले सुरुंग माणूस जवळ येण्याआधीच फुटतात. मुलगा दुकानात मळणीयंत्राचे पट्टे आणि सुटे भागही ठेवतो. त्याला ही रचना तत्काळ कळली. "हे तर मळणीचंच यंत्र आहे," असे म्हणून त्याने वाकून साखळ्यांची जोडणी पाहिली. आणि नातीला बोलायची संधी मिळाली.

तिला रणगाडे चालवायचे नाहीत. ते दल मुलींना खुले नाहीच. तोफखाना २०२३ मध्ये खुला झाला. अभियंता दल त्याच्या आधीपासून. तिला अभियंता दलात जायचे आहे. पूल बांधणे, रस्ते उघडणे, सुरुंग काढणे. "बाबा, राम राघोबा राणे माहीत आहेत का तुम्हाला?" तिने विचारले. बाबांना माहीत नव्हते. मलाही नावापलीकडे नव्हते.

सेकंड लेफ्टनंट राणे हे कारवार भागातले, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूने झाडे पाडून, दगड रचून आणि सुरुंग पेरून बंद केला होता. रणगाडे पुढे गेल्याखेरीज राजौरीतल्या लोकांची सुटका नव्हती, आणि रस्ता मोकळा झाल्याखेरीज रणगाडे हलत नव्हते. वरून मारा चालू असताना राणे पहिल्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. दोन दोर हाती घेऊन चालकाला थांब आणि चल अशा खुणा करीत, रणगाड्याबरोबर सरपटत ते अडथळ्यापर्यंत पोहोचले आणि तो उडवून दिला. ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस हे काम त्यांनी, स्वतः जखमी असताना, चालविले. त्यांना परमवीर चक्र मिळाले, आणि ते घ्यायला ते जिवंत होते. पुढे १९९४ मध्ये पुण्यात वारले.

"जिवंत होते" या शब्दांवर तिने जोर दिला नव्हता. तरी तिच्या वडिलांनी तेवढेच ऐकले असावे.

परंतु मी त्या आवारात एक नाव मनातून काढू शकत नव्हतो, आणि ते मुलापुढे उच्चारावे की नाही हे ठरत नव्हते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, १९५० चा. त्याच प्रबोधिनीचा विद्यार्थी. पूना हॉर्स या पलटणीत १९७१ च्या जूनमध्ये रुजू झालेला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला, बसंतर नदीच्या लढाईत, जळता रणगाडा सोडून बाहेर येण्याचा हुकूम आला असता त्याने माझी तोफ अजून चालते आहे असे कळविले आणि लढत राहिला. वय २१. नोकरी सहा महिन्यांची. त्याचा 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा नगरच्या याच लष्करी केंद्रात जपलेला आहे, आणि खडकवासल्याचे संचलन मैदान त्याच्या नावाने ओळखले जाते. त्या १७ मुली याच मैदानावरून बाहेर पडल्या.

मी सांगितले. लपवून ठेवणे मला योग्य वाटले नाही. कर्ज मंजूर करताना जोखीम सांगितलीच पाहिजे. आणि त्याच्या वडिलांची हकीकतही सांगितली. ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल २००१ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. तेथे एका निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरने, ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी, त्यांना घरी ठेवून घेतले आणि अतिशय आदराने वागविले. निघण्याच्या आदल्या रात्री यजमानाने सांगितले, की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो. आपला मुलगा माझ्या हातून गेला. म्हातारा बाप ऐकून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघे निरोप घेतात. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी आपण शेकडो जणांना हात जोडतो, दूरध्वनीवर संदेश पाठवितो. त्या रात्री त्या दोन माणसांत जे घडले असेल, त्याला आपल्याकडे शब्द आहे; पण तो एवढ्या किमतीला वापरण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही.

मुलगा बाकावर जाऊन बसला. नात थोड्या अंतरावर विजयंताची पाटी पुन्हा वाचीत उभी राहिली.

मला त्या वेळी इंदापूर आठवत होते. नव्वदच्या दशकात मी तेथील शाखेत होतो. तालुक्यातल्या माजी सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची निवृत्तिवेतने आमच्या शाखेतून जात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाहेरच्या कट्ट्यावर त्या बायका पासबुक पदरात गुंडाळून बसलेल्या असत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घ्यावा लागे. त्यांतली एक आजी, जिचा नवरा १९७१ च्या लढाईत गेला होता, दरवर्षी माझ्या टेबलापाशी येई, अंगठा उठवी आणि दरवर्षी तेच विचारी: "सायेब, मी जित्ती हाय ह्ये मीच सांगायचं व्हय?" आम्ही हसत असू. नवरा कोठे पडला, हे तिला नीट सांगता येत नसे; 'पंजाबाकडं' एवढेच. लग्नानंतर तो किती दिवस घरी होता, हे मात्र तिने एकदा बोटांवर मोजून सांगितले होते. दोन सुट्ट्या.

तिचे निवृत्तिवेतन मी वेळेवर दिले, वेतन आयोगाची थकबाकी काढून दिली, व्याजाची बेरीज दोनदा तपासली. याहून अधिक मी काही केले नाही, आणि त्या काळात याहून अधिक काही करायचे असते असे मला सुचलेही नाही. युद्ध म्हणजे माझ्या दृष्टीने निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा एक कागद.

आपल्या समाजाचेही काहीसे असेच झाले आहे, असे मला त्या बाकावर बसल्यावर वाटू लागले. अहिंसा हे आपले पहिले व्रत. गृहस्थाला आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा पूर्णपणे टळत नाही, हे शास्त्रकारांनी ओळखले; संकल्पी हिंसा तेवढी त्याने सोडावी. स्वरक्षणासाठी करावा लागणारा प्रतिकार हा विरोधी हिंसेत येतो, म्हणजे सैनिकाला श्रावकपणाचे दार बंद नाही. तरीही आपण सैनिकी पेशा इतरांचा मानला. आणि पैसा? तो आपण दिला. राणा प्रतापांपुढे भामाशहांनी आपले द्रव्य ओतले, ही कथा आपण प्रत्येक संमेलनात अभिमानाने सांगतो. आपल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविणाऱ्या वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात, ऐन महायुद्धात, बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढला, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा. हेही आपलेच. धान्य, कापड, साखर, पोलाद, कर्जरोखे. वहीत प्रत्येक पानावर आपण आहोत. इंदापूरच्या त्या कट्ट्यावर मात्र माझ्या आठवणीत आपल्यातली एकही बाई बसलेली नव्हती. सैन्यात गेलेले आपले तरुण आहेत, त्यांचा मला आदर आहे. पण ते मोजके आहेत, हेही खरे.

हा विचार मनात आला म्हणून मी नातीच्या बाजूचा झालो, असे कोणी समजू नये. सतरा वर्षांची मुलगी आहे ती. रात्री वीज गेली तर अजून आजीच्या खोलीत येऊन झोपते. तिच्या जागी दुसऱ्या कोणाची मुलगी असती, तर हे सारे लिहिणे मला फार सोपे गेले असते.

संग्रहालयातून निघताना दाराशी एका निवृत्त सुभेदारांशी गाठ पडली. नातवाला घेऊन आले होते. नातीने सारे लाजणे सोडून आजीचाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "शाकाहारी जेवण मिळतं बाळ, त्याची काळजी नको. वेळेचं मात्र सांगता येत नाही. सरावावर असताना मिळेल तेव्हा खायचं." तिने मान हलविली. मुलगा ऐकत होता.

परतताना काष्टीच्या अलीकडे सूर्य कलू लागला. मी काही म्हणण्याआधीच मुलाने रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि उरलेले ठेपले बाहेर काढले. ऊस भरलेल्या बैलगाड्या जवळून जात होत्या. आम्ही तिघांनी उभ्यानेच खाल्ले, पाणी प्यालो. नात म्हणाली, "बाबा, हे सराव शिबिरच झालं." तो म्हणाला, "डबा आजीचा होता."

घरी सौभाग्यवतीने विचारले, की कोणत्या खात्यात मांडायचे ठरले? मी म्हटले, अजून किरकोळ खात्यात ठेवले आहे, वर्गवारी बाकी आहे. सूनबाईने विषय काढला नाही. अजूनही काढलेला नाही. मात्र नातीच्या ताटात त्या रात्री झाकून ठेवलेले दूध तिने दुसऱ्या सकाळी स्वतः गरम करून दिले आणि ती पिऊन होईपर्यंत तेथेच उभी राहिली.

त्याच सकाळी दुकानाला निघताना, चपला घालता घालता, माझ्याकडे न पाहता मुलाने विचारले, "अण्णा, त्या परीक्षेचा अर्ज कधी निघतो?"

मी म्हटले, "डिसेंबरात."

तो "बरं" म्हणाला आणि जिना उतरून गेला.